खाणं, पिणं आणि पेज

“इतक्यान काय जाता गो? पोट थंड ऱ्हवता.”

पडद्याच्या पलीकडून हे वाक्य आलं, तेव्हा मी अलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा ताप बघून कागदावर लिहीत होते. आवाज ओळखीचा होता. पलीकडे हरमलच्या आजी होत्या. त्यांच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन त्याच दिवशी दुपारच्या आत होणार होतं. बोलत होती ती त्यांची धाकटी जाऊ.

मी पडदा बाजूला केला. काकी, म्हणजे ती धाकटी जाऊ, पदराच्या टोकाने स्टीलची वाटी पुसत होती. आजी उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांची कवळी मीच नऊ वाजता काढून पाण्यात ठेवली होती, म्हणून त्या तोंडापुढे हात धरून होत्या. दोघींनी माझ्याकडे बघून एकदमच हसून दाखवलं.

माझ्या हातात ऑपरेशनला पाठवण्याआधी भरायचा कागद होता. मी त्यातले प्रश्न वरून खाली विचारत गेले.

“आजी, सकाळपासून काही खाल्लंत का?”

“ना गो बाय.”

“काही प्यायलात? पाणी, चहा, दूध?”

“पाण्याचो थेंब ना. सकाळधरून उपाशी आसंय.”

“मी इल्याधरून काय एक दिवक ना,” काकी म्हणाली. “बोर्ड वाचलाय मी.”

बोर्ड खाटेच्या पायथ्याशी टांगलेला होता. वर इंग्रजीत तीन मोठी अक्षरं आणि खाली मराठीत, ‘तोंडावाटे काहीही देऊ नये’. मी दोन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’वर खूण केली, खाली सही केली आणि वेळ लिहिली. अकराला दहा कमी.

वाटी मी पाहिली होती. वाटीबद्दल विचारलं मात्र नाही.

डिचोलीतल्या त्या छोट्या खासगी हॉस्पिटलात लागून मला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. शिक्षण सगळं इंग्रजीतून, शाळेपासून नर्सिंगपर्यंत. घरी आम्ही पेडण्याची बोली बोलायचो. पण ती घराच्या उंबऱ्याच्या आत. वॉर्डात मी जे मराठी बोलायचे ते वाचून शिकलेलं होतं. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं, मग बाहेर काढायचं. जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. त्यामुळे मी बोलण्यापेक्षा लिहून ठेवायचे. फायली माझ्या इतक्या नीट असत की डॉक्टरसुद्धा माझंच अक्षर शोधत.

आमच्या इन्चार्ज सिस्टर बांद्याकडच्या. तीस वर्षांची नोकरी झालेली, आवाज पार गेटपर्यंत ऐकू जाणारा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘कॉन्व्हेंट’ ठेवलं. “कॉन्व्हेंट, तोंडात मूग ठेवलेत की चणे?” असं राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर विचारायच्या. पण माझ्या डब्यात भाजी कमी दिसली की न बोलता स्वतःच्या डब्यातलं सुकट माझ्या झाकणात घालायच्या. आणि रात्रपाळीनंतर मी बसला उभी असले तर त्यांचा नवरा स्कूटर थांबवून मला साखळीच्या फाट्यापर्यंत सोडायचा. तशी ताकीदच होती त्याला.

त्या दोन जावा येऊन तीन दिवस झाले होते आणि वॉर्ड त्यांचा झाला होता. दोघी विधवा, हरमलला एका घरात तीस-पस्तीस वर्षं राहिलेल्या. समुद्राकडच्या बाजूच्या तीन खोल्या त्या विदेशी पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. त्यातलं सगळं काकी बघायची. त्यामुळे तिचं इंग्रजी माझ्या मराठीपेक्षा धीट होतं.

“सिस्टर, हॉट वॉटर ट्वेंटी फोर अवर?” तिने आल्या आल्या मला विचारलं होतं. मी “सकाळी सहा ते आठ” म्हटल्यावर आजीकडे वळून म्हणाली, “बरां हॉटेल न्हय हां. आमी बारा म्हयने दितो.” डिस्चार्जला ती ‘चेकआउट’ म्हणायची. आमच्या मावशींनी घातलेली चादर तिने उचकटून परत घातली होती, कोपरे दुमडून, ताणून, नाणं टाकलं तर उडेल अशी. दुसऱ्या दिवशी बाजूच्या दोन खाटांच्या चादरीही तशाच झाल्या. आजी नुसत्या बघत राहायच्या आणि अधूनमधून म्हणायच्या, “बस गो आता. पाय मोडतीत तुझे.” रात्री काकी जमिनीवर चटई टाकून झोपायची. आजींचा एक हात खाटेवरून खाली सोडलेला असायचा आणि काकीने तो धरलेला असायचा. एक सिस्टर रजेवर होती, म्हणून त्या आठवड्यात दिवसाला जोडून रात्रपाळीही मीच करत होते. मी तीन वाजता सलाईन बघायला गेले की तो हात ओलांडून जावं लागे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकी घरी गेली. खोल्यांत पाहुणे होते, त्यांना किल्ल्या द्यायच्या होत्या. जाताना मी तिला समजावून सांगितलं होतं. वाक्यं आधी मनात तयार केली होती आणि ती बरोबर आली याचा मला आनंदही झाला होता: “उद्या आजींना जेवण नाही, चहा नाही, दूध नाही, बिस्किट नाही, पाव नाही, पाणीसुद्धा नाही.” काकीने एकेक बोट मिटत सगळं म्हणून दाखवलं. “नो प्रॉब्लेम,” म्हणाली. सकाळी पहिली बस पकडून ती हजर. मोप्याला तेव्हा विमानतळाचं काम चालू होतं, वाटेत डंपरमागे बस अर्धा तास अडकली, हे तिने सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. तिच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला डबा होता. तो तिच्या स्वतःसाठी असेल असं मी धरून चालले.

पहिलं ऑपरेशन लांबलं. साडेअकराला वरून फोन आला आणि इन्चार्ज सिस्टरांनी हाक मारली, “कॉन्व्हेंट, हरमल घे वर!”

ट्रॉलीवर घेताना आजी हलक्या लागल्या. एका बाजूला इन्चार्ज सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी, पायाशी फाईल. काकी खिडकीपाशी उभी राहून हात जोडत होती. आम्ही वॉर्डाचं दार ओलांडलं, तेव्हा आजींना एक ढेकर आला. बारीकसाच. त्यांनी लाजून तोंडावर हात ठेवला.

आणि मला आमच्या घरचा ओटा आठवला.

माझे बाबा पेडण्याच्या बाजारात दुकानात बसायचे. साडेदहाला घरी येऊन पेज घ्यायचे, उकड्या तांदळाची, बरोबर मिठातलं तोर, म्हणजे कोवळी कैरी. तांब्याभर पेज पोटात गेल्यावर बाहेर येऊन बसायचे. रस्त्याने जाणारा कोणी विचारायचा, “जेवलास रे?” बाबा मनापासून म्हणायचे, “खंय! पोटात काय एक ना अजून.” आईही संकष्टीला सोडून कधी पेज चुकवत नसे, पण “सकाळपासून काही खाल्लं नाहीस का?” असं विचारलं तर तिचं उत्तर “ना” असंच. खोटं कोणी बोलत नव्हतं. आमच्याकडे जेवण म्हणजे भात-कडी. खाणं म्हणजे पोळे, पाव, उसळ. पिणं म्हणजे पाणी आणि चहा. पेज या कशातच येत नाही. ती नुसती असते. आपण श्वास घेतला का, असं कुणी विचारत नाही, तसं.

माझ्या कागदावर दोन रकाने होते, खाणं आणि पिणं. पेजेसाठी दात लागत नाहीत.

पोट भरलेलं असताना भूल दिली तर काय होतं हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. झोपेतल्या माणसाला ठसका लागला तर तो जागा होतो. भुलीत घशाची ती राखणच झोपलेली असते. पोटातलं वर येतं आणि कुणाला कळायच्या आत फुप्फुसात उतरतं. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. चांगले गुण मिळाले होते.

आम्ही लिफ्टपाशी पोचलो होतो. मला बोलायचं होतं. वाक्य जुळेना. ‘सिस्टर, मला शंका आहे की’ इथपर्यंत आलं आणि थांबलं. शंका म्हणजे काय, वाटी बघूनही सही कशी केलीस, लिस्टला आधीच उशीर झालाय, हे सगळे त्यांचे प्रश्न मी त्यांच्या आधी मनात ऐकले. लिफ्ट आली. आणि मी पायाने ट्रॉलीचा ब्रेक दाबला.

ट्रॉली गचकन थांबली. इन्चार्ज सिस्टरांचा हात कठड्यावर आपटला.

“काय झालं गो?”

मी आजींच्या कानाशी वाकले आणि आईशी बोलते तशी बोलले. “आजी, पेज घेतल्यात?”

“घेतलंय मगे,” आजी खूश होऊन म्हणाल्या. इतक्या मोठ्याने की लिफ्टमधल्या माणसानेही ऐकलं. “वाटीभर. ती बिचारी पहाटे चारांक उठून करून घेवन इली. तिचा मन कसा मोडू?”

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. आजींना काही झालं नाही. गोष्ट इथे संपली असती तर मी आज ती अभिमानाने सांगितली असती.

भुलीचे डॉक्टर खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण म्हापशाहून आठवड्यातून दोनदा यायचा आणि दिवस वाया गेला होता. त्यांनी काकीला वॉर्डाच्या मधोमध उभं केलं.

“तुम्हाला मराठी वाचता येतं ना? बोर्डावर काय लिहिलंय?”

“काहीही देऊ नये,” काकी म्हणाली.

“मग? जिवाशी खेळ आहे हा! वर गेली असती म्हातारी, तर आमच्या नावाने ओरडला असता. शिकलेले आणि अडाणी सारखेच!”

तीन दिवस जिचा आवाज थांबत नव्हता, ती पदर ओठात धरून उभी होती. इन्चार्ज सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, “जाऊ दे, डॉक्टर, वेळेवर कळलं,” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शाबास, कॉन्व्हेंट.” डॉक्टरांनीही मान हलवली. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

माझी सही असलेला कागद फाईलमध्येच होता. तो कुणी उघडला नाही.

त्या संध्याकाळी काकीने डबा धुतला, टॉवेलमध्ये बांधला आणि खाटेखाली अगदी आत सारला. आजी म्हणाल्या, “तू तरी काय खा.” ती म्हणाली, “माका नको.” आजींना रात्रीचा भात मावशींनी भरवला, कारण काकी चमच्याला हात लावेना. रात्री चटई खाटेपासून दोन हात लांब होती. आजींचा हात खाली लोंबत होता, रिकामा. तीन वाजता मी सलाईन बघायला गेले तेव्हा ओलांडायला काही नव्हतं.

नर्सिंगच्या पुस्तकात रुग्णाला इजा होऊ नये म्हणून काय काय करावं याची प्रकरणं आहेत. हातावरची पट्टी तपासा, औषध देण्याआधी नाव विचारा, खाटेचे कठडे वर करा. घाबरलेलं माणूस खरं सांगत नाही, हेही त्यात कुठेतरी असेल. मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं.

सहा वाजता मी काकीला विचारलं, “आजींना काही दिलंत?”

“ना.”

“पेज?”

“ना.”

“रात्री बारानंतर काही? गोळी? तीर्थ?”

“ना ना ना. काय एक दिवक ना. मी हातसुद्धा लावक ना तिका.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. कालपर्यंत हीच बाई मला तिच्या पाहुण्यांच्या खोलीतल्या पालीपासून स्वतःच्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगायची. आज मी तिला ‘आजींना विष दिलंत का’ विचारलं असतं तर ‘ना’, आणि ‘दूध दिलंत का’ विचारलं असतं तरी ‘ना’. ते उत्तर नव्हतंच, ते दार होतं. ती खरं बोलत असेल, नसेलही. आजींच्या उशीखाली हात घातला तर मला एक छोटी बाटली लागली, झाकण ओलसर. मी ती होती तिथेच ठेवली.

आजींनाही विचारलं. त्या जावेकडे बघत म्हणाल्या, “तिका विचार.” काल त्यांच्याच तोंडून निघालेल्या वाक्यामुळे तिला बोलणी बसली होती. आता त्या परत फसणार नव्हत्या.

म्हणजे काल माझ्या एका प्रश्नात पेज नव्हती, आणि आज माझ्या कुठल्याच प्रश्नात काही येणार नव्हतं. आजी आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात होत्या आणि कागद मात्र या वेळी अगदी स्वच्छ भरला गेला असता.

मी कागद भरला नाही. खाणं-पिण्याचे रकाने रिकामे ठेवले आणि राउंडची वाट बघितली. आता लहान गोष्ट वाटते. तेव्हा माझ्या तळहातांना इतका घाम आला होता की मी दोनदा हात धुऊन आले.

साडेआठला भुलीचे डॉक्टर आले, आजींसाठी मुद्दाम पुन्हा म्हापशाहून, मागे इन्चार्ज सिस्टर. डॉक्टरांनी फाईल उघडली.

“हे भरलेलं का नाही?”

मी काकीकडे बघितलं.

“कॉन्व्हेंट, विचारतायत ते,” सिस्टर हळू म्हणाल्या.

डॉक्टर काकीकडे वळले. “आज काही दिलंत का? खरं सांगा हां.”

“ना,” काकी म्हणाली.

मग मी बोलले. मनात जुळवून नाही. म्हणूनच बहुधा अर्धं मराठी, अर्धं घरचं, असं काहीतरी निघालं. त्यावर पुढे काय झालं ते आधी सांगते.

माझं बोलून झाल्यावर काकी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उशीखालून ती बाटली काढली आणि डॉक्टरांपुढे धरली. “देवीच्या आंगाऱ्याचा पाणी. कुलेरभर दिलंय, पहाटे पाचांक. आनी काय एक ना. पायां पडतंय, ह्या खरां.” डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चमचाभर पाणी ना? पहाटे पाचला? चालेल. सांगितलंत ते बरं केलंत.” मग काकीकडे वळून म्हणाले, “काल मी जरा जास्तच बोललो, आई.” इन्चार्ज सिस्टर माझ्या हातून फाईल घेऊन कालचा कागद शोधत होत्या. त्यांनी माझी सही बघितली, खूण बघितली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे. रागावल्या नाहीत असं नाही. दुपारी रागावल्या, बराच वेळ, औषधांच्या खोलीत, दार लावून. पण संध्याकाळी त्यांनीच पट्टीने आखून कोऱ्या कागदांवर तिसरा रकाना केला आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पेज.

आजींचं ऑपरेशन साडेदहाला झालं. शुद्धीवर येताना त्यांनी पहिल्यांदा कवळी मागितली आणि मग जावेला. पाचव्या दिवशी चेकआउट झाला. आता मी नव्या मुलींना शिकवते तेव्हा तीन रकान्यांचा कागद दाखवते, आणि त्यातली एखादी अगदी गप्प मुलगी दिसली की तिला राउंडमध्ये माझ्याजवळ उभी करते. त्यांना मी सांगते की रकाना महत्त्वाचा आहे, पण तो दुसरा. आधी त्या सकाळी, डॉक्टर, सिस्टर, दोन्ही जावा आणि आजूबाजूच्या खाटा ऐकत असताना, मी जे म्हटलं ते:

“डॉक्टर, काल चूक काकींची न्हय, माझी. मी वाटी बघितली होती, तरी विचारलं नाही, आणि ‘नाही’ म्हणून सही केली. त्यांना मी जेवण नको म्हटलं, चहा नको म्हटलं, पाव नको म्हटलं, पेज नको म्हणून सांगितलंच नाही. आणि आमच्या घरातसुद्धा पेज कोण खाण्यात धरत नाही. काकी, तुमी भियेव नकात. तुमका कोण काय म्हणूचा ना. आजीच्या तोंडात आज काय काय गेलं, तेवढंच माका सांगा.”